गणिताचा क्लास शोधण्याआधी मुलाची वही उघडा

माझी मुलगी तिसरीत असताना घडलेल्या एका प्रसंगापासून सुरुवात करते, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले आहे. ती दोन वर्षे ॲबॅकसच्या, म्हणजे मण्यांच्या पाटीवर आकडेमोड शिकवणाऱ्या, क्लासला जात होती आणि तिच्या कपाटाच्या दाराला आतून तीन प्रमाणपत्रे चिकटवलेली होती. एका संध्याकाळी शाळेच्या गृहपाठात ५०२ − १३७ अशी वजाबाकी आली. तिने वहीत उत्तर लिहिले ४३५. मी काही न बोलता मण्यांची पाटी तिच्यापुढे सरकवली आणि हेच गणित त्यावर करायला सांगितले. बोटे सराईतपणे फिरली आणि उत्तर आले ३६५. मी विचारले, "मग बरोबर कोणतं?" ती शांतपणे म्हणाली, "आई, दोन्ही बरोबर. हे शाळेचं आहे आणि ते क्लासचं."

एकाच वजाबाकीला दोन उत्तरे असण्यात तिला काहीच वावगे वाटत नव्हते. दोष तिचा नव्हता आणि तिला शिकवणाऱ्यांचाही नव्हता. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतली चार मुले जातात म्हणून आम्ही तो क्लास निवडला होता, शाळेत वेगळी रीत चालू होती, आणि या दोन रीतींची गाठ कोणी घालून द्यायची हा प्रश्न आमच्या डोक्यातही आला नव्हता. पुढच्या चार वर्षांत तिच्याबरोबर आणि नंतर तिच्या धाकट्या भावाबरोबर बसून जे उमगले, ते येथे क्रमाने मांडते आहे. मुले पहिली ते आठवीच्या दरम्यान असतील, तर शाळा ठाण्याची असो वा नवी मुंबईची आणि माध्यम मराठी, सेमी किंवा इंग्रजी यांपैकी कोणतेही असो, हा क्रम तुम्हाला वापरता येईल.

आधी जवळ काय असावे

- मुलाची वर्गपाठाची आणि गृहपाठाची वही, खोडाखोडीच्या पानांसह. खाडाखोड न झालेली, नीट उतरवून काढलेली वही या कामाला उपयोगी नाही.
- मागच्या दोन-तीन घटक चाचण्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका.
- चालू इयत्तेचे आणि त्याच्या आधीच्या इयत्तेचे पाठ्यपुस्तक. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या आणि एनसीईआरटीची त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात.
- शंभर चिंचोके, शंभर आइस्क्रीमच्या काड्या, रबर बँड, चौकटींची वही, पट्टी आणि दोन फासे.
- एक रिकामी वही, जी मुलासाठी नसून तुमच्यासाठी आहे.

१. चुका मोजू नका, वाचा

उत्तरपत्रिकेवरचे गुण पाहून मूल 'गणितात कच्चे' आहे असा निष्कर्ष काढणे सोपे असते, परंतु त्या निष्कर्षावरून कोणतीही पद्धत निवडता येत नाही. माझ्या मुलीचे ४३५ कसे आले ते पाहा. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून तिने ७ मधून २ वजा केले. दशकाच्या घरात ० मधून ३ जात नाहीत म्हणून ३ मधून ० वजा केले. शतकाच्या घरात ५ मधून १ गेला. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचे, असा एक नियम तिने स्वतःच बनवला होता आणि तो इमानेइतबारे पाळला होता. याला निष्काळजीपणा म्हणणे चूक आहे. निष्काळजी मुलाची चूक दर वेळी वेगळी असते; नियम चुकलेल्या मुलाची चूक दर वेळी सारखीच असते.

म्हणून तुमच्या वहीत मुलाच्या मागच्या महिन्याभरातल्या चुका एकाखाली एक उतरवून काढा आणि प्रत्येक चुकीपुढे ती कशी आली असावी ते लिहा. त्यानंतर एखाद्या सुट्टीच्या सकाळी, अभ्यासाचे वातावरण न करता, पुढचे काही प्रश्न विचारा.

पहिली-दुसरीसाठी: सत्तेचाळीस, त्रेसष्ट, छत्तीस, एकोणसत्तर आणि दोनशे पाच या संख्या ऐकून अंकांत लिहायला सांगा. तिसरी-चौथीसाठी: ५०२ − १३७ ही वजाबाकी द्या. त्याच्या जोडीला, घणसोलीहून ८ वाजून ४७ मिनिटांनी सुटलेली गाडी समजा १४ मिनिटांनी ठाण्याला पोहोचली तर किती वाजले असतील, हेही विचारा. माझ्या मुलाने या प्रश्नाचे उत्तर '८:६१' असे लिहिले होते. पाचवीसाठी: ८ + ४ = □ + ५ यातल्या चौकटीत कोणती संख्या येईल ते विचारा. ज्या मुलाला बरोबरचे चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी आज्ञा वाटते ते मूल ७ ऐवजी १२ लिहिते, आणि हेच मूल पुढे सातवीत समीकरणांपाशी अडते. सहावी ते आठवीसाठी: ०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती, १/२ + १/३ किती, आणि −३ − (−५) किती, एवढे तीन प्रश्न पुरेत.

उत्तर आल्यावर ते बरोबर असो की चूक, "कसं काढलंस?" एवढेच विचारा आणि नंतर गप्प बसा. हे गप्प बसणे सर्वांत अवघड असते, हे मी अनुभवाने सांगते. पालक म्हणून आपला हात लगेच पेन्सिलीकडे जातो, आणि एकदा आपण रीत दाखवली की मुलाची मूळ रीत पुन्हा दिसत नाही.

२. मूल कोणत्या भाषेत मोजते ते ठरवा

हा टप्पा बहुतेक लोक वगळतात, कारण तयार साहित्य विकणाऱ्या कोणत्याच पद्धतीत तो नसतो. मराठीत दोन अंकी संख्येचे नाव उच्चारताना एकक आधी येतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी लिहावा लागतो. 'सत्तेचाळीस' ऐकले की कानावर आधी सात पडतात आणि हाताला आधी चार लिहायचे असतात. त्रेसष्टचे छत्तीस होतात ते यामुळे. त्यात 'एकोण'ची भर पडते. एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी, पण लिहिताना सहा आधी येतात. आणि एकोणनव्वदपर्यंत चाललेली ही रीत नव्याण्णवला एकाएकी सोडून दिली जाते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशा पद्धतीने संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता, हे अनेकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागे जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची हीच अडचण असल्याचे सांगितले होते. भाषा बिघडेल ही विरोधकांची भीती मला समजते, आणि 'त्रेसष्ट' हा शब्द मुलांच्या तोंडून जावा असे मलाही वाटत नाही. पण घरात आम्ही दोन महिने दोन्ही नावे शेजारी शेजारी वापरली. काड्यांचे सहा जुडगे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवून 'साठ तीन' म्हणायचे, लिहायचे, आणि मग 'म्हणजेच त्रेसष्ट' असे म्हणायचे. तिसऱ्या महिन्यात पहिल्या नावाची गरज आपोआप संपली.

सेमी इंग्रजीच्या मुलांची गोष्ट निराळी असते. शाळेत गणित इंग्रजीतून चालते, घरी आजी मराठीतून पाढे म्हणवून घेते आणि क्लासच्या ताई हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करतात. अंकांचेही तसेच होते. मराठी ५ हा इंग्रजी चारसारखा आणि मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, त्यामुळे दोन्ही लिप्या नुकत्याच शिकणाऱ्या मुलाची काही उत्तरे केवळ यासाठी चुकतात. यावर माझे मत स्पष्ट आहे. मूल ज्या भाषेत परीक्षा देणार त्या भाषेत लेखी काम करावे, मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत स्पष्टीकरण करावे, आणि पाढे कोणत्या तरी एकाच भाषेत पक्के करावेत. 'बे एके बे, बे दुणे चार' या चालीला जो ठेका आहे तो पाठांतराला फार सोयीचा आहे, आणि घरात मराठी असेल तर इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही तो झेपतो. पण निम्मे पाढे मराठीत आणि निम्मे इंग्रजीत, असे करू नका.

घोडबंदर रोडवरच्या किंवा वाशी-नेरूळच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळेत मूल असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. तेथे मोठ्या संख्यांचे स्वल्पविराम तीन-तीन अंकांनंतर येतात आणि लाखाऐवजी मिलियन शिकवतात. वर्तमानपत्रातला १,००,००० आणि पुस्तकातला १००,००० एकच आहेत, हे मुलाला कोणी तरी बसून सांगावे लागते.

३. बाजारात असलेल्या पद्धती नेमके काय शिकवतात

नावे पुष्कळ असली तरी मुळात चारच प्रकार आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत, कारण प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

*वस्तू, चित्र आणि मग चिन्ह.* आधी हाताने वस्तू हाताळायच्या, मग त्यांचे चित्र काढायचे आणि शेवटी अंकांत लिहायचे, हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या १९६०च्या दशकातल्या मांडणीशी जोडला जातो. सिंगापूरने १९८०च्या दशकात आपली प्राथमिक गणिताची पुस्तके याच क्रमावर उभी केली. मारिया मॉन्टेसरी यांचे सोनेरी मणी, म्हणजे सुटा मणी, दहाची दांडी, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन, हेही त्याच जातीचे आहेत. आणि फार लांब जाण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंमधून बालशिक्षण उभे केले होते. त्यामुळे महागडा संच नसल्याने हे जमणार नाही, असे कोणी सांगितले तर ते मानू नका.

या पद्धतीतली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे पट्टीचे चित्र. एक उदाहरण घेऊ. पेटीत ८४ आंबे होते. त्यांतले ३/७ विकले. उरलेल्यांतले १/४ खराब निघाले. तर चांगले किती उरले? माझ्या मुलीने सहावीत हे गणित करताना ८४ चे १/४ काढून २१ आंबे खराब ठरवले होते, कारण 'उरलेल्यांतले' हा शब्द तिने वाचला, पण तो तिच्या हिशेबात कुठेच उतरला नाही. मग आम्ही चौकटींच्या वहीत सात घरांची एक पट्टी काढली. सात घरांत ८४, म्हणून एका घरात १२. तीन घरे विकली, त्यांवर रेघा मारल्या. उरली चार घरे, आणि चारांचा चौथा भाग म्हणजे एक घर. तेही खोडले. राहिली तीन घरे, म्हणजे ३६ आंबे. अपूर्णांकांचा एकही गुणाकार करावा लागला नाही, आणि पट्टीकडे पाहिल्यावर २१ कुठेच बसत नाही हे तिला स्वतःलाच दिसले. पुढे आठवीत याच पट्टीच्या एका घराला 'क्ष' म्हणता येते.

*सरावपत्रिका.* रोज थोडी, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी, वेळ लावून सोडवायची पाने. या प्रकारातली कुमोन ही पद्धत १९५४ मध्ये जपानमध्ये तोरु कुमोन या गणित शिक्षकाने आपल्या मुलासाठी पाने तयार केली, तेथून सुरू झाली. समजलेली गोष्ट हातात बसवण्यासाठी सराव उत्तमच असतो. न समजलेल्या गोष्टीचा सराव मात्र चुकीचा नियम पक्का करतो, आणि तो मोडायला दुप्पट वेळ लागतो. मोठ्यातून लहान वजा करणाऱ्या मुलाला वजाबाकीची दोनशे उदाहरणे दिली तर काय होईल, याचा विचार करा.

*ॲबॅकस.* जपानी पाटीवर प्रत्येक दांडीला वरचा एक मणी पाचाचा आणि खालचे चार मणी एकेकाचे असतात. चार मिळवायचे आणि खाली मणी नसतील तर 'पाच टाक, एक काढ' अशी हालचाल शिकवली जाते. सरावाने ही हालचाल इतकी अंगवळणी पडते की मूल पाटीशिवाय, हवेत बोटे हलवून उत्तर काढते. एकाग्रता आणि वेग यांसाठी ते चांगले आहे, आणि मुलाला आवडत असेल तर बंद करण्याचे कारण नाही. पण ही आकडेमोडीची यंत्रणा आहे, पूर्ण गणित नाही. अपूर्णांक, भूमिती, शाब्दिक उदाहरणे आणि बीजगणित यांना ती हात लावत नाही. पाटीवर आलेले उत्तर आणि हातच्याच्या रीतीने आलेले उत्तर जुळले पाहिजे, ही अट घरी तुम्हालाच घालावी लागते.

*वैदिक गणित.* पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांची १६ सूत्रे त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आली. ती उपलब्ध वैदिक ग्रंथांत सापडत नाहीत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण नावाचा वाद बाजूला ठेवला तरी युक्त्या खऱ्या आहेत. ९७ × ९६ घ्या. शंभराला कमी किती? ३ आणि ४. ९७ मधून ४ गेले की ९३, आणि ३ × ४ म्हणजे १२, म्हणून उत्तर ९३१२. मूल खूश होते. आता ४७ × ३८ द्या, आणि हीच युक्ती लावायला सांगा. शंभराला ५३ आणि ६२ कमी पडतात आणि त्यांचाच गुणाकार मुळापेक्षा अवघड होऊन बसतो. म्हणून माझा सल्ला असा की ही सूत्रे आठवीत, विस्तार सूत्रांनंतर शिकवावीत. (१०० − ३)(१०० − ४) उलगडून पाहिल्यावर युक्ती का चालते ते मुलाला कळते आणि तीच युक्ती बीजगणिताचा धडा होते. तिसरीत शिकवली तर ती फक्त पाहुण्यांसमोर करून दाखवायची जादू राहते.

४. इयत्तेप्रमाणे मुख्य पद्धत एकच निवडा

पहिली-दुसरीत वस्तूच मुख्य ठेवा. शंभर मण्यांची माळ करून दर दहा मण्यांनी रंग बदला. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात असे मणी सहज मिळतात. सदतीस कुठे आहेत ते मुलाने माळेवर बोट ठेवून दाखवावे, आणि सदतीसपासून पन्नासपर्यंत किती मणी ते मोजण्याऐवजी 'तीन आणि दहा' असे म्हणावे, येथपर्यंत घाई करू नका.

तिसरी ते पाचवी हा सगळ्यात महत्त्वाचा काळ आहे, कारण हातचा, पाढे, भागाकार आणि अपूर्णांक हे सगळे याच तीन वर्षांत येते. आमची वजाबाकी ज्या खेळाने सुधारली तो सांगते. कागदाच्या शंभराच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये मुलीकडे दिले, सासूबाईंना बँकेत बसवले आणि मी दुकानदार होऊन १३७ रुपये मागितले. मुलीने दोन शंभराच्या नोटा पुढे केल्या. मी म्हटले, "सुटे द्या." ती आजीकडे गेली आणि शंभराची नोट देऊन एकदम सात रुपये मागू लागली. आजी काही बधेना. "आधी शंभराच्या दहा-दहाच्या घे, मग त्यातली एक मोडून सुटे ने. माझ्याकडे पायऱ्या गाळून मोड मिळत नाही." पाचशे दोनमधले शून्य ओलांडताना शतकाचे दहा दशक आणि मग एका दशकाचे दहा एकक का करायचे, हे त्या दिवशी कळले. त्याच रात्री तिने वहीत पुन्हा मांडून ३६५ काढले आणि पाटीवर पडताळून पाहिले.

पाढ्यांबद्दल सध्या दोन टोकाची मते ऐकू येतात. माझे मत असे की पाढे पाठ हवेतच, पण आधी तयार करून मग पाठ करावेत. साता साती एकोणपन्नास येत असेल, तर सात आठे म्हणजे त्यात आणखी सात, हे मुलाला काढता आले पाहिजे. मग विसरले तरी अडत नाही.

घरात जुन्या पिढीतले कोणी असेल तर त्यांच्या पावकी, निमकी, दीडकी या पाढ्यांचा उपयोग करून घ्या. माझ्या सासूबाईंना साडेतीनची औटकी अजून तोंडपाठ आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द म्हणजे मराठीत रुळलेले अपूर्णांकच आहेत, आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ते माहीत नसतात. चाळीस रुपये किलोने सव्वा किलो कांदे कितीला पडतील, हा प्रश्न भाजीवाल्यासमोर उभे राहून विचारला की पाचवीतल्या मुलाला १ १/४ चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सहावी ते आठवीत पट्टीचे चित्र आणि संख्यारेषा मुख्य ठेवा आणि प्रत्येक नियमाला 'का' विचारण्याची सवय लावा. १/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्या मुलाला लसावि काढून समच्छेद करण्याची रीत लगेच सांगू नका. आधी विचारा, की अर्ध्या पोळीत आणखी थोडी पोळी मिळवली आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले? केंद्रीय मंडळाच्या शाळांत २०२४ पासून सहावीला लागलेले एनसीईआरटीचे 'गणित प्रकाश' हे पुस्तक याच वळणाचे आहे आणि राज्य मंडळाच्या मुलांनीही ते जोडीला वाचण्यासारखे आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी हे मात्र वेगळे काम आहे हे लक्षात ठेवा. तिच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित मिळून ९० मिनिटांत ७५ प्रश्न सोडवायचे असतात, त्यांतले ५० गणिताचे. तेथे वेग लागतो, आणि सरावपत्रिकांचा खरा उपयोग तेथे होतो. पण पाया कच्चा असताना त्या सुरू केल्या तर मूल पर्यायांवरून उत्तर ताडायला शिकते.

५. क्लास पाहायला जाताना

घरी वेळ देणे शक्य नसेल तर क्लास लावावा लागतो, आणि ठाणे-नवी मुंबईत दोन्ही पालक लोकलमध्ये लटकत घरी येईपर्यंत आठ वाजतात हे मला ठाऊक आहे. जाताना पहिल्या टप्प्यातली चुकांची वही बरोबर न्या. ती दाखवून एवढेच विचारा, "ही चूक तुम्ही कशी दुरुस्त कराल?" जो शिक्षक चूक वाचतो, मुलाला दोन प्रश्न विचारतो आणि मग बोलतो, त्याच्याकडे मूल पाठवावे. जो लगेच पातळ्यांचा तक्ता आणि शुल्काचे पत्रक पुढे करतो, त्याला नमस्कार करून यावे.

त्याखेरीज एका वर्गात मुले किती, शिकवणारी व्यक्ती वर्षभर तीच राहणार का, शाळेच्या रीतीशी मेळ घालतात का, आणि पालकाला एखादा तास बसून पाहू देतात का, हे विचारा.

सापळे पुष्कळ आहेत. त्यांतले मला स्वतःला भोवलेले आणि ओळखीच्या लोकांना भोवलेले सांगते. पूर्ण वर्षाचे शुल्क सवलतीच्या मोहाने एकदम भरू नका; आम्ही भरले होते, आणि चौथ्या महिन्यात मुलीला काढायचे ठरवल्यावर परतावा मिळणार नाही ही ओळ पावतीच्या मागे बारीक अक्षरांत सापडली. क्लास मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल ते लेखी घ्या. 'ऑलिंपियाड' या शब्दाने भारावून जाऊ नका. देशाचा गणित ऑलिंपियाड संघ घडवण्याच्या कामाचे केंद्र खाडीपलीकडे मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आहे आणि त्या वाटेची पहिली परीक्षा माध्यमिक मुलांसाठी असते. पहिली-दुसरीच्या मुलांना शाळेत मिळणारी पत्रके खासगी संस्थांच्या परीक्षांची असतात. त्या द्यायला हरकत नाही, पण तेथले पदक म्हणजे पद्धत योग्य असल्याचा पुरावा नव्हे. आणि एकाच क्रियेसाठी एका वेळी दोन रीती सुरू करू नका. भागाकार शाळेत चालू असताना क्लासमध्ये त्याची झटपट रीत शिकवणार असतील, तर ती तीन महिने पुढे ढकलायला सांगा.

६. शाळेतल्या बाईंना विश्वासात घ्या

पालकसभेच्या रांगेत हे बोलणे होत नाही. वेगळी वेळ मागा आणि दहा मिनिटांत तीनच गोष्टी विचारा: वजाबाकीचा हातचा वर्गात कोणत्या शब्दांत सांगतात, वेगळ्या रीतीने काढलेले बरोबर उत्तर परीक्षेत ग्राह्य धरतात का, आणि पुढच्या दोन महिन्यांत कोणते घटक येणार आहेत. आमच्या बाईंनी पट्टीचे चित्र कच्च्या कामाच्या जागी काढायला परवानगी दिली आणि नंतर फळ्यावरही ते काढू लागल्या. सगळीकडे असे होईल असे नाही. रीतीलाच गुण असतील तर मुलाला स्पष्ट सांगा की समजण्यासाठी चित्र आणि लिहिण्यासाठी शाळेची रीत, आणि दोन्हींची उत्तरे दर वेळी जुळली पाहिजेत.

७. आठ आठवडे चालवा आणि मग तपासा

रोज वीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, यापेक्षा जास्त नको. त्यांतली पहिली पाच मिनिटे कालच्या उजळणीला, दहा मिनिटे एका नव्या गोष्टीला आणि शेवटची पाच मिनिटे मुलाने तुम्हाला शिकवण्याला द्या. या शेवटच्या पाच मिनिटांत मुद्दाम चुका; चूक पकडताना मूल जे बोलते त्यावरून त्याला काय समजले ते कळते. मूल आजारी पडले किंवा गणपतीत गावाला गेले तर ते दिवस सोडून द्या, भरून काढू नका.

आठ आठवड्यांनी पहिल्या टप्प्यातले तेच प्रश्न संख्या बदलून पुन्हा विचारा: ५०२ − १३७ ऐवजी ६०४ − २५८ द्या, ०.३५ आणि ०.४ ऐवजी ०.२८ आणि ०.३ द्या. जुनी चूक गेली असेल तर पद्धत लागू पडली, मग गुण अजून वाढले नसले तरी चालेल. तीच चूक तशीच असेल तर पद्धत बदलण्याआधी एक इयत्ता मागे जा, कारण बहुतेक वेळा अडचण मागच्या वर्षीच्या एखाद्या घटकात असते आणि म्हणूनच आधीच्या इयत्तेचे पुस्तक जवळ ठेवायला सांगितले होते. चूक बदलली असेल, म्हणजे ६०४ − २५८ ला ३४६ या बरोबर उत्तराच्या जागी जुन्या नियमाने येणारे ४५४ न येता ३५६ आले असेल, तर ती प्रगती समजा: मूल आता शतक मोडते आहे, फक्त मधल्या घरातून दशक काढल्यावर तेथे नऊच उरतात हे त्याच्या लक्षात राहत नाही. अशा वेळी कागदाच्या नोटा पुन्हा बाहेर काढा आणि बँकेत आजीला बसवा.